काळजीवाहक आणि मुलांचं नातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवासगृहात, दिवसभराच्या केंद्रात किंवा वस्तीत मुलांसोबत रोज राबणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. समुपदेशक मुलाला आठवड्यातून तासभर भेटतो. काळजीवाहक मात्र सकाळी उठवण्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत सोबत असतो, त्यामुळे त्याच्यापुढचे पेचही निराळे असतात.

मी या मुलांचा नेमका कोण? मित्र, पालक की शिक्षक?

सगळ्यांचं थोडं थोडं, आणि पूर्णपणे कोणीच नाही. मैत्रीत देणंघेणं दोन्हीकडून चालतं, इथे ते चालत नाही. तुमचा दिवस वाईट गेला म्हणून मूल तुमची समजूत काढायला लागलं, तर गाडी उलट्या दिशेने निघाली आहे असं समजा. पालकाची जागाही तुमची नाही. पालक दूर असोत, तुरुंगात असोत किंवा हयात नसोत, मुलाच्या मनात ती जागा कुणाच्या तरी नावावर असतेच. शिक्षकाकडे निदान अभ्यासक्रम असतो. तुमच्या हाती असतो तो मुलाचा साधा दिवस: दात घासणं, वही शोधणं, भांडण, जेवण, झोप.

शंका आली की स्वतःला एकच विचारा: हे मुलाला हवं आहे म्हणून करतोय, की मला बरं वाटावं म्हणून? मिठी, भेटवस्तू, रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा, सगळ्यांना हा प्रश्न लागू पडतो.

मुलं मला 'आई' किंवा 'बाबा' म्हणू लागली तर?

झिडकारू नका आणि गोंजारूही नका. 'तुला आई आहे. मी तुझी काळजी घेते, मला नावाने हाक मार,' इतकं सहज सांगा आणि चालू काम पुढे न्या. हाक ऐकून आपल्याला सुख झालं, हे मुलाला दिसू देऊ नका. ते पुढच्या वेळी तुम्हाला खूश करायला तीच हाक मारेल, आणि पालक भेटायला आले की दोघांच्या मध्ये अडकेल.

नवीन मूल आलंय. पहिल्या दिवशी काय करायचं?

कमी बोला. घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात त्या दिवशी फारसं काही शिरत नाही. फाईल आधी वाचून ठेवा, पण त्यातलं काहीही मुलासमोर काढू नका. 'तुझ्याबद्दल सगळं माहीत आहे' हे तुम्हाला आपुलकीचं वाक्य वाटेल, मुलाला ती धमकी वाटू शकते.

त्या दिवशी मुलाला पाच गोष्टी कळल्या तरी पुष्कळ झालं. आपल्याला इथे काय म्हणून हाक मारणार, संडास-बाथरूम कुठे आणि आतून कडी कशी लागते, आपली झोपायची जागा कोणती, रात्री भीती वाटली किंवा भूक लागली तर कोणाला उठवायचं आणि ते माणूस कुठे झोपतं, उद्या सकाळी उठल्यावर काय होणार. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून किंवा चित्र काढून उशाशी ठेवा. नियम तीनच सांगा, बाकीचे आठवडाभरात कळतात.

सामानाची पिशवी मुलाच्या समोर आणि त्याच्या परवानगीने उघडा. आणि कपडे लगेच धुवायला टाकू नका. नव्या माणसाला हे सुचत नाही, कारण आपल्याला ते मळके कपडे दिसतात. मुलासाठी त्यात घरचा वास असतो, कदाचित घराची तेवढीच खूण उरलेली असते. एखादा शर्ट तसाच राहू द्या.

उपाशी राहिलेली मुलं गादीखाली, उशीच्या अभ्र्यात खाणं लपवतात. ते जप्त करून 'चोरी' म्हणून नोंदवलं तर लपवणं वाढतं. नाव लिहिलेला एक झाकणाचा डबा द्या, रोज संध्याकाळी त्यात टिकणारा खाऊ भरा आणि शिळं झालेलं मुलासमोर बदला. डबा कधीच रिकामा नसतो याची खात्री पटली की लपवणं हळूहळू कमी होतं. याला महिनेही लागू शकतात.

पहिला आठवडा शक्यतो एकाच व्यक्तीने मुलाला उठवावं आणि झोपवावं. सुरुवातीचे दिवस मूल फार शहाण्यासारखं वागलं तर हुरळून जाऊ नका. ते अंदाज घेत असतं. वादळ बहुतेकदा जरा सुरक्षित वाटायला लागल्यावर येतं.

रोजच्या कामातून नातं जुळतं म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

या क्षेत्रातले जुनेजाणते अभ्यासक हेन्री मायर यांचा भर ठेक्यावर होता: दोन माणसं एका लयीत काही करू लागली की जवळीक वाढते. चेंडू इकडून तिकडे टाकणं, मिळून कपड्यांच्या घड्या घालणं, जिना चढताना पावलं जुळवणं. हे काम बोलण्याआधीचं आहे.

सकाळी एका फटक्यात उठवू नका. आधी पडदा सरकवा, नाव घ्या आणि निघून जा, दहा मिनिटांनी परत या. अंगाला हात लावून किंवा पांघरूण ओढून उठवणं टाळा, कारण झोपेत स्पर्श झाल्यावर दचकणाऱ्या मुलांमागे अनेकदा काही तरी घडलेलं असतं. जेवताना भिंतीला टेकून लक्ष ठेवत उभे राहू नका, बसा आणि तेच जेवा. एका कामातून दुसऱ्याकडे जाताना दोनदा सूचना द्या, एकदा 10 मिनिटं आधी आणि एकदा 2 मिनिटं आधी. बरीच भांडणं खेळ अचानक बंद करायला सांगितल्यावरची असतात.

सगळ्यांत जड वेळ रात्रीची. दिवसभराचा गलबला थांबतो आणि आठवणी वर येतात. रोज तोच क्रम ठेवा: दात, पाणी, गोष्ट किंवा दोन शब्द, दिवा. प्रत्येकासाठी पाच मिनिटं धरली तर आठ मुलांना चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी 'झोपा आता' म्हणून चालणार नाही, लहानांपासून सुरुवात करून वेळा टप्प्याटप्प्याने लावाव्या लागतील. शेवटच्या मुलापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही दमलेले असता आणि त्याची पाच मिनिटं दोनवर येतात. म्हणून मोठ्यांमधला शेवटचा नंबर दर आठवड्याला बदला. वेळापत्रक करणाऱ्यांनी या चाळीस मिनिटांत फोन, नोंदवही आणि पाळीबदल ठेवू नये. बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होतं आणि मग 'मुलं रात्री त्रास देतात' अशी तक्रार येते.

मूल बोलतच नाही. काय विचारू?

विचारू नका. मूल येईपर्यंत किती जणांनी तेच तेच विचारलेलं असतं, याचा अंदाज घ्या. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलात की चौकशी सुरू झाल्यासारखं वाटतं. शेजारी बसा, नजर दोघांची तिसऱ्याच गोष्टीवर राहू द्या: भाजी निवडणं, सायकलची साखळी, रंगकाम, प्रवासात खिडकीबाहेरचं. मुलं बऱ्याचदा अशा वेळी, तुमच्याकडे न पाहता, मध्येच एखादं वाक्य सोडून देतात. ते वाक्य झेलायची घाई करू नका. 'हं' म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. पुढचं वाक्य आलं तर आलं.

'का' हा शब्द जपून वापरा. 'का मारलंस?' याला मुलाकडे उत्तर नसतं आणि आवाज आरोपाचा लागतो. 'त्याच्या आधी काय झालं?' याला उत्तर असतं. एकाक्षरी उत्तरं देणाऱ्या मुलाला निवडायला द्या: 'आज दिवस वर होता की खाली?' अंगठ्याने दाखवलं तरी चालेल.

'बघू', 'करू' म्हणून वेळ मारून नेली तर काय बिघडतं?

बरंच. मोठी माणसं शब्द देतात आणि मोडतात, हे या मुलांनी आधीच पाहिलेलं असतं. तुमचा 'बघू' त्यांच्या जुन्या हिशेबात जमा होतो. शब्द छोटा द्या, त्याला वेळ जोडा, आणि जे तुमच्या एकट्याच्या हातात आहे तेवढंच कबूल करा. 'रविवारी घरी जाशील' हे तुमच्या हातात नाही. 'गुरुवारी चारला ऑफिसात विचारतो आणि जेवणाआधी तुला सांगतो, उत्तर काहीही असो' हे आहे. उत्तर मिळालं नाही तरी जेवणाआधी जाऊन 'अजून कळलं नाही' सांगा. बहुतेक जण इथेच चुकतात: सांगण्यासारखं काही नाही म्हणून जातच नाहीत. वचनं खिशातल्या वहीत लिहा आणि सुट्टीवर जाताना ती पुढच्या पाळीला सोपवा.

मी इतकं करतोय, तरी मूल मुद्दाम तोडून बोलतं. का?

कारण जवळीक त्याला धोक्याची वाटते. ज्याने आधार द्यायचा त्यानेच मारलं किंवा सोडून दिलं असेल, तर जवळ येणारा प्रत्येक माणूस 'हा कधी जाणार?' असा प्रश्न बनतो. वाट बघण्यापेक्षा स्वतःच हाकलून देणं सोपं, निदान वेळ आपण ठरवलेली असते. मूल आणि त्याला सांभाळणारा यांच्यातल्या जवळिकीवर संशोधन करणाऱ्या जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांच्या कामापासून हे धागे अभ्यासले गेले आहेत. रुमानियात 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधल्या 136 लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कोणतीही निवड न करता, सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं गेलं. संस्थांतच राहिलेल्यांपेक्षा त्यांच्यात सुरक्षित जवळीक जास्त दिसली, विशेषतः वयाची दोन वर्षं पूर्ण होण्याआधी गेलेल्यांमध्ये. उशीर झाला की काही होत नाही असा याचा अर्थ काढू नका. वेळ जास्त लागतो, एवढं धरा.

व्यवहारात दोन गोष्टी करा. बोलणं अंगावर घेऊ नका, पण ते बोलणं चालतं असंही दाखवू नका: 'असं बोललेलं मला आवडत नाही. जेवायला आठला हाक मारतो.' आणि आठला खरंच हाक मारा. जेवण, झोपताना दोन शब्द, ठरलेली फेरी या गोष्टी वागणुकीचं बक्षीस नसतात, म्हणून शिक्षा म्हणून काढूनही घ्यायच्या नाहीत.

मूल भडकलं, सामान फेकतंय. त्या क्षणी काय करायचं?

आधी हे मान्य करा की त्या क्षणी शिकवण्यासारखं काहीच नाही. भडकलेल्या मेंदूपर्यंत तर्क पोचत नाही. काम एकच: कोणाला इजा न होता ही वेळ जाऊ देणं.

बघ्यांना हलवा. मुलाला बाहेर काढायला जाऊ नका, इतरांना बाहेर न्या. हे दुसऱ्या सहकाऱ्याचं काम, आणि कोण बोलणार व कोण बाकीच्यांना नेणार हे आधीच ठरलेलं हवं. प्रेक्षक असले की मुलाला माघार घेता येत नाही. तुम्ही मूल आणि दार यांच्या मध्ये उभे राहू नका. हाताच्या अंतराच्या दुप्पट दूर, थोडं तिरकं, हात दिसतील असे मोकळे. मूल लहान असेल तर खाली बसा.

आवाज हळू, वाक्य चार-पाच शब्दांचं, आणि एका वेळी एकच माणूस बोलणार. 'मी इथे आहे.' 'घाई नाही.' 'पाणी हवं का बाहेर जाऊ?' शांत हो, शांत हो असं म्हणत राहिल्याने कोणी शांत होत नाही. मागचे हिशेब, धमक्या आणि 'एक, दोन, तीन' मोजणं टाळा. मोजून झाल्यावर काय करणार हे तुम्हालाच ठाऊक नसतं आणि मुलाला ते कळतं.

शारीरिक पकड हा शेवटचा उपाय आहे. तात्काळ इजेचा धोका असेल तेव्हाच, प्रशिक्षण घेतलेल्यांनीच, कमीत कमी वेळ. पालथं पाडून पाठीवर किंवा छातीवर भार देणं कधीही नाही. यात श्वास कोंडून मुलं दगावली आहेत. 'श्वास घेता येत नाही' असं मूल म्हणालं की पकड तत्काळ सोडा. बोलता येतंय म्हणजे श्वास येतोय, हा समज जीवघेणा आहे.

ओसरल्यावर लगेच विषय काढू नका. शरीर थंड व्हायला निदान 20 मिनिटं लागतात, बहुतेकदा बरीच जास्त. या काळात छोट्याशा टोचणीनेही पुन्हा भडका उडतो, आणि दुसरा भडका बहुधा मोठ्यांच्या 'आता कळलं ना?' मुळेच असतो. पाणी, खाणं, सोबत. नंतर, त्याच दिवशी, जो माणूस तिथे होता त्यानेच बोलावं. भडकणाऱ्या मुलांसोबत काम केलेल्या फ्रिट्झ रेडल यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर हीच पद्धत मांडली: प्रसंगाचं बोलणं नंतरच्या ठरलेल्या भेटीसाठी न ठेवता, मुलाच्या रोजच्या जागेत, रोजच्या माणसाने करायचं. क्रम असा धरा.

1. मुलाची हकीकत, न तोडता. तपशील चुकत असला तरी दुरुस्त करू नका.
2. 'पहिली ठिणगी कधी पडली?' हे दोघांनी मिळून शोधणं.
3. पुढच्या वेळी ठिणगीनंतर काय करता येईल, अशी एकच गोष्ट.
4. मोडलेलं सावरणं: तुटलेलं चिकटवणं, ज्याला लागलं त्याच्याशी बोलणं. यात तुम्हीही हात लावा.

पंधरा मिनिटं पुरतात. तासभर लांबवलं की ते प्रवचन होतं.

माझाच तोल गेला आणि मी ओरडलो. माफी मागितली तर वचक जाईल का?

मागा. वचक कमी झाला तर बरंच. बाळांवर संशोधन करणाऱ्या एडवर्ड ट्रोनिक यांना दिसलं की चांगल्या जुळलेल्या आई-बाळांचाही सूर साधारण 30 टक्के वेळच जुळलेला असतो. उरलेला वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं यात जातो. नातं टिकतं ते या जुळवून घेण्यावर.

माफी लहान असावी आणि तिला शेपूट नसावं. 'मी तुझ्यावर ओरडलो. ते चूक होतं. पुढच्या वेळी मी आधी बाहेर जाऊन येईन.' संपलं. 'पण तूही...' आलं की माफी गेली. मूल माफ करेलच अशी अपेक्षा धरू नका, 'ठीक आहे ना आता?' असं विचारून ते वदवूनही घेऊ नका. चार लोकांत ओरडला असाल तर माफीही चार लोकांत. आणि हात उचलला गेला असेल तर प्रकरण माफीवर मिटत नाही. तो प्रसंग वरिष्ठांना स्वतःहून आणि त्याच दिवशी कळवायचा असतो.

पोलंडमध्ये वॉर्सातला अनाथाश्रम चालवणाऱ्या यानुश कोर्चाक यांनी तर मुलांचंच न्यायालय चालवलं होतं. त्यात मोठ्यांवरही तक्रार करता यायची आणि स्वतः कोर्चाकही त्यापुढे उभे राहिले. तिथला वचक गेल्याचं ऐकिवात नाही.

स्पर्श, फोन नंबर, भेटवस्तू: सीमा कुठे आखायची?

स्पर्श मुलाने सुरू केलेला, छोटा आणि इतरांना दिसेल असा. आधी विचारा, 'टाळी?' 'खांद्यावर हात ठेवू?' आणि नकार लगेच पाळा. तुमच्या स्पर्शाला नाही म्हणता येतं हे कळणं, हे बऱ्याच मुलांसाठी नवीन शिक्षण असतं.

खासगी नंबर देऊ नका, समाजमाध्यमांवर जोडून घेऊ नका, मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढू नका. रात्री दोनला आलेल्या निरोपाला तुम्ही उत्तर देऊ शकला नाहीत, तर तुम्ही न दिलेलं वचन मोडल्यासारखं होतं. संस्थेचा नंबर द्या आणि तो कोण उचलेल हे सांगा. भेटवस्तू एकट्याला आणि गुपचूप कधीच नाही. मुलांवर वाईट नजर असणारी माणसं विश्वास मिळवताना हाच रस्ता धरतात: खास वागणूक, लहानसं गुपित, मग मोठं गुपित. तुमचा हेतू स्वच्छ असेल, पण 'मोठ्या माणसाशी गुपित ठेवायचं असतं' हा धडा मूल पुढे दुसऱ्या कुणापाशी वापरेल.

स्वतःबद्दल किती सांगायचं? आवडीनिवडी खुशाल सांगा. लग्नातली भांडणं, कर्ज, स्वतःच्या जुन्या जखमा नकोत. 'माझ्याही बाबतीत असंच झालं होतं' या वाक्याने विषय मुलावरून तुमच्यावर येतो.

मूल म्हणालं, 'कुणाला सांगणार नसाल तर एक सांगतो.' काय म्हणू?

'सांगणार नाही' असं म्हणू नका. म्हणा: 'तुला किंवा आणखी कुणाला धोका असेल, तर मदत करू शकणाऱ्या माणसाला मला सांगावं लागेल. कोणाला सांगतो ते तुला आधी सांगेन.' काही मुलं यावर गप्प होतात. तरीही हेच बरोबर आहे, कारण गुप्ततेचं वचन मोडल्यावर ते मूल पुन्हा कुणालाच सांगत नाही.

अत्याचाराची गोष्ट बाहेर आली तर चेहरा स्थिर ठेवा. तुमच्या चेहऱ्यावर किळस किंवा धक्का दिसला की मूल तिथेच थांबतं, कधी कधी सांगितलेलंही मागे घेतं. ऐका आणि तीन वाक्यं नक्की म्हणा: सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी चूक नाही, आता पुढे काय होईल ते मी तुला सांगतो. विचारायचं तर फक्त उघडं विचारा: 'मग काय झालं?', 'ते जरा सांग.' 'त्याने तुला इथे हात लावला का?' असा उत्तर सुचवणारा प्रश्न नको. पुढे तपासात तेच उत्तर तुम्ही मुलाच्या तोंडात घातलं असं म्हटलं जाऊ शकतं. सगळा तपशील काढणं तुमचं काम नाही. कळवण्यापुरतं समजलं की थांबा.

लगेच लिहून ठेवा: मुलाचे शब्द जसेच्या तसे, अवयवांसाठी मुलाने वापरलेला शब्दसुद्धा न बदलता, तुम्ही काय विचारलंत ते, तारीख, वेळ, कोण हजर होतं. त्याच दिवशी ठरलेल्या अधिकाऱ्याला कळवा. कायद्याने दिलेली मुदत जागोजागी वेगळी असते, म्हणून कोणाला, किती वेळात, कुठल्या नंबरवर, हे रुजू होण्याच्या आठवड्यातच माहीत करून घ्या. संशयिताला जाब विचारायला जाऊ नका, जखमांचे फोटो स्वतः काढू नका, आणि नुकतीच घटना असेल तर आंघोळ किंवा कपडे धुणं वैद्यकीय तपासणीपर्यंत थांबवता येईल का ते विचारा. संशयित सहकारी किंवा वरिष्ठच असेल तर बाहेरच्या यंत्रणेला कळवा. संयुक्त राष्ट्रांच्या बाल हक्क संहितेचं कलम 19 मुलांना सर्व प्रकारच्या हिंसेपासून संरक्षण देतं, त्यातून संस्थेचं नाव राखण्याची सूट कोणालाच मिळत नाही.

मूल मरणाबद्दल बोललं तर थेट विचारू का?

हो. 'जीव द्यावा असं मनात येतं का?' असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात कल्पना भरते हा समज चुकीचा आहे, अभ्यासांमध्ये तसं दिसलेलं नाही. उत्तर 'हो' आलं तर कसं, कधी ठरवलंय आणि साधन हाताशी आहे का, हेही विचारा. मुलाला एकटं सोडू नका, साधन दूर करा आणि लगेच मानसोपचार मदत बोलवा. 'तुझ्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय' हे वाक्य त्या वेळी उपयोगाचं नसतं.

आई-वडिलांबद्दल काय बोलायचं?

वाईट काहीच नाही, त्यांनी काहीही केलेलं असो. मूल स्वतःला त्यांचाच अंश समजतं, त्यामुळे त्यांच्यावरचा घाव त्याला लागतो. सारवासारवही करू नका: 'ते खूप प्रेम करतात तुझ्यावर' हे तुम्हाला माहीत नसतं. 'बाबा येणार म्हणाले आणि आले नाहीत. तू दोन तास वाट पाहिलीस' इतकं खरं पुरेसं असतं.

भेटीआधी आणि नंतर एकेक दिवस वागणूक बिघडते हे धरून चाला. भेटीनंतर मूल अंथरूण ओलं करतं, मारामारी करतं, म्हणून भेटी बंद करा अशी शिफारस घाईने करू नका. आठवण आणि राग यांचा तो ताण असू शकतो, धोक्याची खूणही असू शकते. दोन-तीन भेटींच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्यावरच फरक कळतो. मूल घाबरलेलं दिसलं तर मात्र नोंदी जमेपर्यंत थांबू नका, लगेच वर कळवा.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी वेगळं काय?

जबाबदारी त्यांच्या हवाली करणं. वर्षभराने त्यांना स्वतःचं पाहायचं असतं, आणि तोवर त्यांनी कधी स्वतःचा साबणही निवडलेला नसतो. बँकेचं खातं, डॉक्टरची वेळ घेणं, आठवड्याचा खर्च, घरभाड्याचा करार वाचणं: पहिल्यांदा तुम्ही करा आणि ते पाहतील, दुसऱ्यांदा मिळून, तिसऱ्यांदा ते करतील आणि तुम्ही गप्प बसाल. तिसरी पायरी तुम्हालाच अवघड जाते.

त्यांच्याबद्दलच्या बैठका त्यांच्याशिवाय घेऊ नका. संहितेचं कलम 12 मुलाला आपलं मत मांडायचा आणि त्याला वयानुसार वजन मिळण्याचा हक्क देतं. आदल्या दिवशी विषय सांगा, मुद्दे लिहायला मदत करा आणि नंतर काय मान्य झालं, काय नाही आणि कशामुळे ते सांगा.

एखादं मूल जास्त आवडतं. चुकतंय का?

आवडणं चुकत नाही, वाटप चुकतं. आठवडाभर मोजा: कोणाशी एकट्याने किती वेळ बोललात? बहुधा असं निघतं की सर्वात गोड आणि सर्वात दांडगट, दोघांनी सगळा वेळ खाल्ला. गप्प, आज्ञाधारक मूल यादीत तळाशी असतं. पुढच्या आठवड्याची सुरुवात तिथून करा.

नोंदवहीत काय लिहू?

जे पाहिलं, ऐकलं ते. 'आज फार हट्टीपणा केला' याने पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. 'साडेसहाला टीव्ही बंद केल्यावर ताट फेकलं, दहा मिनिटं जिन्याखाली बसला, मी शेजारी बसल्यावर पाणी मागितलं' यातून ठिणगीही कळते आणि उतारही. अंदाज लिहायचाच तर 'मला वाटतं' असं स्पष्ट म्हणून वेगळा लिहा. एक कसोटी अशी: हे मूल पंचविसाव्या वर्षी स्वतःची फाईल मागून हेच पान वाचेल. अनेक जण खरंच मागतात. चांगल्या गोष्टीही लिहा, नाहीतर त्याच्या बालपणाचा लेखी पुरावा म्हणजे फक्त गुन्ह्यांची यादी उरते.

मी थकलोय, मुलांचा राग येतो. काम सोडायची वेळ आली का?

अजून तरी नाही. आधी झोप, पाळ्या आणि कोणाशी बोलता येतं ते पाहा. दोन आठवड्यांतून एकदा तरी अनुभवी माणसाशी ठरलेल्या वेळी कामाबद्दल बोलणं, हे या कामाचा भाग आहे, लाड नाहीत. एखाद्या मुलाचं नाव यादीत दिसताच पोटात गोळा येतो, त्याच्याबद्दल कुत्सित बोललं जातं, तुम्ही त्याला टाळता, या खुणा दिसल्या की त्याच बोलण्यात त्याच मुलाचं नाव काढा. संस्थेने अशी सोय ठेवलेली नसेल तर ती मागा.

नोकरी सोडतोय. मुलांना कधी आणि कसं सांगू?

कुजबुज पोचायच्या आधी, स्वतः. साधारण तीन-चार आठवडे पुरतात. लहानांना दिवस मोजता येत नाहीत, म्हणून त्यांना दोन आठवडे आधी, कॅलेंडरवर खुणा करून. जवळच्या मुलांना एकेकटं सांगा, मग सगळ्यांना एकत्र. कारण खरं आणि थोडक्यात: 'दुसरं काम घेतलंय. तुझ्या वागण्याशी याचा संबंध नाही.' दुसरं वाक्य प्रत्येकाला ऐकू गेलं पाहिजे, कारण प्रत्येकाला नेमकं तेच वाटत असतं.

नंतर काही मुलं चिकटतील, काही बोलणं टाकतील, काही त्याच आठवड्यात पळून जायचा प्रयत्न करतील. सहकाऱ्यांना आधी कल्पना द्या. तुम्ही जे करायचा ते पुढे कोण करणार हे नावानिशी सांगा आणि त्या माणसाला शेवटच्या आठवड्यात तुमच्या सोबत रात्रीच्या फेरीला न्या. आठवण म्हणून हाताने लिहिलेलं एक पान द्या, त्यात मुलाबद्दलच्या दोन-तीन नेमक्या गोष्टी असाव्यात: 'तू सायकलची साखळी बसवायला शिकलास.' 'भेटायला येत राहीन' असं म्हणू नका. संस्थेच्या परवानगीने एखादी भेट किंवा पत्र ठरलंच असेल तर तारीख सांगा, आणि त्या तारखेला जा.